भोंगा वाजला तर घरात थांबायचं की गाव सोडायचं? किरणोत्सर्गी धुळीचा हिशोब सोप्या भाषेत

७ मे २०२५ चा दिवस आठवतोय? देशभर २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत मॉक ड्रिल झालं. त्यात आपलं तारापूरही होतं. भोंगे वाजले, दिवे बंद झाले आणि त्यानंतर दोन-तीन दिवस मोबाईलवर मेसेजचा पाऊस पडला. कुणी म्हणे, "अणुबॉम्ब पडला की पन्नास कोस काही उरत नाही, तयारी करून काय उपयोग?" कुणी म्हणे, "ओला टॉवेल तोंडावर धरा, काही होत नाही." तिसरा सांगत होता, "आयोडीनचं मीठ जास्त खा."

यातलं एकही धड खरं नाही. खरं काय आहे ते हिशोबाने समजतं, आणि हा हिशोब तसा अवघड नाही. जगभरातले शास्त्रज्ञ सत्तर वर्षांपासून तो मांडत आलेत. अमुक गावावर किरणोत्सर्गी धूळ पडली तर कुणाला किती मार बसेल? घरात थांबवलं तर किती वाचतील? गाव हलवलं तर किती? भोंगा उशिरा वाजला तर काय? सरकारची नागरी संरक्षणाची योजना कागदावर आहे की कामाची आहे, हे या आकड्यांवरूनच कळतं. तोच हिशोब आज आपण मांडून बघू.

धूळ येते कुठून?

अणुबॉम्ब जमिनीवर किंवा जमिनीच्या अगदी जवळ फुटला तर हजारो टन माती वाफ होऊन वर ओढली जाते. स्फोटात तयार झालेले किरणोत्सर्गी पदार्थ त्या मातीच्या कणांना चिकटतात. हे कण वाऱ्यावर वाहत जातात आणि हळूहळू खाली बसतात. यालाच फॉलआउट म्हणतात. जाड कण जवळ आणि लवकर पडतात, बारीक कण लांब आणि उशिरा.

हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला होता. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, म्हणून तिथे बहुतेक माणसं धक्क्याने, भाजून आणि स्फोटाच्या क्षणी निघालेल्या किरणांनी गेली. धुळीचा वाटा त्यामानाने कमी होता, जरी काही भागांत काळा पाऊस पडला. म्हणजे धूळ किती येणार, हे स्फोट कुठे झाला यावर ठरतं. स्फोटाच्या अगदी जवळ असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पण २०, ५०, १०० किलोमीटरवर असलेल्यांसाठी धूळ हाच मुख्य धोका असतो आणि त्यापासून बचाव करता येतो.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. ही धूळ श्वासातून गेली तरच त्रास होतो असं नाही. अंगणात, छपरावर, झाडावर पडलेल्या धुळीतून गॅमा किरणं निघतात आणि ती लांबूनही शरीरात घुसतात. म्हणून नुसता ओला टॉवेल पुरत नाही. मधे भिंत हवी, माती हवी, अंतर हवं.

पहिला नियम: सात आणि दहा

चुलीतले निखारे घमेल्यात काढून ठेवले तर काय होतं? सुरुवातीला हात जवळ नेववत नाही. तासाभराने बरेच निवतात. दुसऱ्या दिवशी नुसती राख राहते. बॉम्बच्या धुळीचंही तसंच आहे. तिचा जोर सुरुवातीला भयंकर असतो आणि झपाट्याने उतरतो.

यासाठी शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. वेळ सातपट झाला की धुळीचा जोर दहाव्या हिश्श्यावर येतो. समजा स्फोटानंतर १ तासाने उघड्या अंगणात ताशी १००० मिलीसिव्हर्ट इतका मार आहे. मिलीसिव्हर्ट हे किरणांचा मार मोजायचं माप, दूध लिटरमध्ये मोजतात तसं. मग हिशोब असा:

- १ तासाने: ताशी १०००
- ७ तासांनी: ताशी १००
- ४९ तासांनी, म्हणजे दोन दिवसांनी: ताशी १०
- साधारण दोन आठवड्यांनी: ताशी १

या आकड्यांचा अर्थ काय? निसर्गातूनच आपल्याला वर्षाला दोन-तीन मिलीसिव्हर्ट मिळत असतात, त्याने काही बिघडत नाही. थोड्या वेळात १००० च्या आसपास मिळाले तर उलट्या, अशक्तपणा, रक्तातल्या पेशी कमी होणं असा किरणांचा आजार सुरू होतो. ४००० च्या आसपास गेलं आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावू शकतात.

आता वरच्या उदाहरणात एखादा माणूस तासाभरानंतर चोवीस तासांपर्यंत उघड्यावरच राहिला तर त्याला सुमारे २३५० मिलीसिव्हर्ट बसतात. दोन आठवडे उघड्यावर राहिला तर सुमारे ३४४०. नीट बघा. दोन आठवड्यांत जेवढा मार बसणार, त्यातला जवळपास निम्मा पहिल्या सहा तासांतच बसतो. म्हणून पहिला दिवस, त्यातही पहिले काही तास, सगळ्यात महत्त्वाचे.

दुसरा नियम: घर किती अडवतं?

भिंत आणि छप्पर जेवढं जड, तेवढी किरणं अडतात. सुमारे ६ सेंटिमीटर काँक्रीट किंवा ९ सेंटिमीटर ठोकलेली माती असेल तर मार निम्मा होतो. तेवढाच आणखी एक थर दिला की निम्म्याचा निम्मा. असे दहा थर, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर माती, तर मार हजाराव्या हिश्श्यावर येतो.

पत्रा मात्र काही अडवत नाही. पत्र्यावर बसलेली धूळ डोक्यावरच असते आणि मधे जेमतेम कागदाएवढी जाडी. कुडाच्या भिंतीचंही तसंच.

एखादी जागा मार किती पटीने कमी करते, त्या आकड्याला शास्त्रज्ञ संरक्षण गुणांक म्हणतात. गुणांक १० म्हणजे बाहेरच्या दहाव्या हिश्श्याएवढाच मार आत. आपल्याकडच्या घरांसाठी ढोबळ आकडे असे धरू:

- कुडाचं किंवा पत्र्याचं घर: २
- विटांच्या भिंतींचं कौलारू घर: ३
- दुमजली स्लॅबच्या इमारतीत तळमजल्यावरची आतली खोली: १०
- मोठ्या इमारतीचा अगदी मधला भाग किंवा तळघर: ५०

आता तोच चोवीस तासांचा हिशोब पुन्हा करा. उघड्यावर २३५०. कुडाच्या घरात साधारण ११७५. विटांच्या कौलारू घरात ७८०. स्लॅबच्या आतल्या खोलीत २३५. तळघरात फक्त ४७.

म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच धुळीखाली एक माणूस किरणांच्या आजाराने आडवा पडेल आणि शंभर पावलांवरच्या शाळेत बसलेल्याला काहीच जाणवणार नाही. फरक फक्त भिंतीचा.

पळायचं की थांबायचं?

इथे बहुतेकांची चूक होते. धोका दिसला की गाडी काढून पळायचं, हा आपला स्वभाव. पण हिशोब काय सांगतो बघू.

समजा तुम्ही स्लॅबच्या आतल्या खोलीत आहात. धूळ पडायला लागून तास झाला आणि तुम्ही घाबरून निघालात. रस्त्यावर सगळा तालुका. धुळीच्या पट्ट्याबाहेर पडायला तीन तास लागले. गाडीच्या पातळ पत्र्याने फारसं काही अडत नाही, म्हणून तो वेळ उघड्यावरचाच धरू. खोलीतले मिळून एकूण मार बसला सुमारे ७९०.

आता दुसरा माणूस. तो त्याच खोलीत चोवीस तास थांबला आणि मग तेवढाच तीन तासांचा प्रवास करून बाहेर पडला. त्याचा एकूण मार सुमारे ३००. प्रवास तोच, रस्ता तोच. पण पहिल्याला रस्त्यावर ७३० बसले आणि दुसऱ्याला फक्त ६०. फरक बारापट.

मग कुडाच्या घरातल्याने काय करायचं? तिथे थांबला तर दिवसाला ११७५. पण पंधरा मिनिटांवर स्लॅबची शाळा असेल आणि धूळ पडत असतानाच तो चालत गेला, तरी एकूण मार साधारण ४३० वर येतो. धूळ यायच्या आधीच पोचला तर २३५. म्हणजे त्याने हलणंच शहाणपणाचं.

शाळा तासभर लांब असेल तर? चालत गेल्यास सुमारे ८२०. कुडाच्या घरातल्याला तरीही फायदाच. पण विटांच्या कौलारू घरातल्याला तोटा, कारण घरात थांबला असता तर त्याला ७८० च बसले असते. एकच आदेश सगळ्या गावाला लागू पडत नाही, तो असा.

अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे मायकेल डिलन यांनी २०१४ मध्ये नेमका हाच प्रश्न गणिताने सोडवला होता. चांगला निवारा पाच मिनिटांवर असेल तर लगेच तिकडे जा. पंधरा मिनिटांच्या अंतरावर असेल तर आधी जवळच्या घरात शिरा, पण स्फोटानंतर अर्ध्या तासाच्या आत त्या चांगल्या जागी पोचा. असा त्यांच्या हिशोबाचा मथितार्थ होता.

योजना पास की नापास?

आता एका माणसावरून अख्ख्या गावावर येऊ. एक हजार वस्तीचं कल्पनेतलं गाव घ्या. ३०० जण कुडाच्या-पत्र्याच्या घरात, ५०० विटांच्या कौलारू घरात, २०० स्लॅबच्या घरात.

योजना पहिली: धूळ यायच्या आधी भोंगा वाजवा आणि "सगळ्यांनी आपापल्या घरात थांबा" असं सांगा. सगळ्यांनी ऐकलं तर चोवीस तासांत माणशी सरासरी मार सुमारे ७९०. सरासरी बरी दिसते. पण नीट बघितलं तर पाड्यावरचे ते ३०० जण १००० च्या वर गेलेत. सरासरीच्या मागे आजारी माणसं लपतात, ती अशी.

योजना दुसरी: भोंगा तोच. फक्त कुडाच्या घरांतल्या ३०० जणांना आधीच शाळेच्या दुमजली इमारतीत आणायचं. सरासरी उतरते ५१० वर आणि १००० च्या वर एकही जण राहत नाही. नवीन बंकर नाही, कोट्यवधींचा खर्च नाही. शाळेची किल्ली कुणाकडे आहे आणि रात्री दोन वाजता ती मिळेल का, एवढाच प्रश्न.

योजना तिसरी: तीच, पण भोंगा ऐकू आला नाही. लोक शेतावर होते आणि धूळ पडायला लागल्यावर दोन तासांनी घरी आले. नुसत्या त्या दोन तासांत त्यांना सुमारे ९८५ बसले. विटांच्या घरात पूर्ण दिवस बसलेल्या माणसापेक्षा जास्त! नंतर घरात थांबले तरी त्यांचा आकडा १४०० च्या पुढे जातो.

म्हणून नागरी संरक्षणाची परीक्षा घ्यायची तर तीन प्रश्न विचारायचे. इशारा किती लवकर पोचतो? जवळची जड भिंत किती लांब आहे? आणि लोक खरंच ऐकतात का? बाकी सगळं त्यानंतर.

यावर ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला होता. १९८० च्या सुमारास तिथल्या सरकारने घरातच निवारा कसा करायचा याची पुस्तिका काढली आणि मोठ्या रंगीत तालमी घेतल्या. स्टॅन ओपनशॉ आणि फिलिप स्टेडमन या अभ्यासकांनी तोच हिशोब स्वतः संगणकावर मांडला, तर बळींचा आकडा सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाला. टीकाकारांचा मुद्दा साधा होता. स्फोटाच्या धक्क्याने काचा फुटल्या, कौलं उडाली, तर घराचा गुणांक कागदावरचा कसा राहील? १९८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननेही अहवाल देऊन सांगितलं की एवढे जखमी सांभाळणं दवाखान्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. गणित दोन्हीकडे सारखंच होतं. फरक होता तो गृहीत धरलेल्या गोष्टींचा. म्हणून कुणी आकडा सांगितला की आधी विचारा, घर शाबूत धरलंय की मोडलेलं?

रोंगेलॅपची गोष्ट

हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. प्रशांत महासागरात मार्शल बेटं आहेत. १ मार्च १९५४ ला पहाटे अमेरिकेने तिथल्या बिकिनी बेटावर ब्राव्हो नावाच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज होता सुमारे ६ मेगाटनचा. निघाला १५ मेगाटनचा. बॉम्बमधल्या लिथियमचा एक प्रकार काही करणार नाही असं धरलं होतं, पण त्यानेही स्फोटात भर घातली. वाराही लोकवस्तीच्या बेटांकडे वाहत होता.

दीडशे किलोमीटरच्या पुढे असलेल्या रोंगेलॅप बेटावर काही तासांनी पांढरी पूड पडू लागली. पोरं तिच्यात खेळली. पाण्यात पडली, जेवणावर पडली, अंगाला चिकटली. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, अंगाची आग झाली, पुढे केस गळले. तिथल्या लोकांना हलवायला सुमारे ५० तास लागले. तोवर त्यांच्या अंगावर जवळपास १७५० मिलीसिव्हर्टच्या तोडीचा मार बसला होता. पुढच्या काळात तिथल्या कित्येक मुलांच्या गळ्यात थायरॉइडच्या गाठी निघाल्या.

आपला सात-दहाचा नियम इथे लावून बघा. धूळ पाचव्या तासाला आली असं धरलं आणि लोकांना बाराव्या तासापर्यंत हलवलं असतं, तर त्यांना निम्म्याहूनही कमी मार बसला असता. आधीच हलवलं असतं तर काहीच नाही. हवा, पाणी, पूड तीच. फरक फक्त वेळेचा.

त्याच धुळीत जपानची एक मासेमारी बोट सापडली. तिच्यावर २३ मच्छीमार होते. त्यांचे रेडिओ ऑपरेटर आयकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. आपल्या डहाणू-सातपाटीच्या दर्यावर्दी मंडळींना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. समुद्रात बोट असताना इशारा कसा पोचणार, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

अणुभट्टीचा अपघात वेगळा

इथे थांबून एक फरक समजून घेऊ, कारण आपल्या जिल्ह्याला तो जास्त जवळचा आहे. अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. अपघात झाला तर तिच्यातून वायू आणि बारीक कण बाहेर पडतात, कधी काही तास, कधी कित्येक दिवस. त्यात आयोडीन-१३१ असतं, ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं. सिझियम-१३७ असतं, त्याला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. म्हणून सात-दहाचा नियम इथे चालत नाही. दोन दिवस घरात बसलं की संपलं, असं इथे म्हणता येत नाही. मार सुरुवातीला बॉम्बच्या धुळीपेक्षा बहुतेक ठिकाणी फार कमी असतो, पण रेंगाळतो.

इथे संगणकाचं काम वाऱ्याचा अंदाज बांधणं. जपानकडे त्यासाठी स्पीडी नावाची यंत्रणा होती. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाच्या भट्ट्या तापल्या. सरकारने नकाशावर गोल काढले. आधी ३ किलोमीटर, मग १०, मग २० किलोमीटरपर्यंतची गावं रिकामी केली. २० ते ३० मधल्यांना घरात थांबायला सांगितलं. पण वारा गोलात वाहत नाही, तो एका दिशेला जातो. १५ मार्चला तो वायव्येकडे वळला, वरून पाऊस आणि बर्फ पडला आणि किरणोत्सर्गी कण त्याच पट्ट्यात खाली बसले.

नामिए गावचे बरेच लोक भट्टीपासून लांब म्हणून त्सुशिमा भागात जाऊन राहिले होते. तो भाग नेमका त्याच पट्ट्यात होता. स्पीडीने वाऱ्याची दिशा दाखवली होती. पण भट्टीतून नेमकं किती बाहेर पडतंय हे कळत नव्हतं, म्हणून ते नकाशे भरवशाचे नाहीत असं धरून बाजूला राहिले. लोकांसमोर ते आले २३ मार्चला. गणित होतं, यंत्र होतं, पण सरपंचापर्यंत काही पोचलं नाही.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. फुकुशिमा प्रांतात घाईचं स्थलांतर, औषधपाण्याचे हाल, आश्रयस्थानातलं जगणं यांमुळे दगावलेल्यांची नोंद २३०० च्या वर गेली. त्यात बहुतेक म्हातारी माणसं होती. उलट किरणांमुळेच थेट आजार झाल्याचं तिथल्या सामान्य लोकांत दिसून आलं नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक समितीने नंतर सांगितलं. म्हणजे हलवण्यालाही किंमत असते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला मध्यरात्री टेम्पोत घालून न्यायचं की बंद खोलीत दोन दिवस नीट सांभाळायचं, हाही त्याच हिशोबाचा भाग आहे.

दूध, चारा आणि आयोडीनची गोळी

शेतकऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. आयोडीन-१३१ गवतावर बसतं, गाय गवत खाते, दुधात उतरतं आणि लेकरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं. १९५७ मध्ये ब्रिटनमधल्या विंडस्केलच्या भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून देण्यात आलं होतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर मात्र सोव्हिएत सरकारने आधी लपवालपवी केली. प्रिप्यात शहर रिकामं करायला जवळपास दीड दिवस गेला आणि खेड्यापाड्यांत पोरं तेच दूध पीत राहिली. पुढे तिथल्या मुलांमध्ये थायरॉइड कॅन्सरचे हजारो रुग्ण निघाले. शेजारच्या पोलंडने मात्र मुलांना लगेच आयोडीनचा डोस पाजला.

त्यामुळे तसा इशारा आला तर जनावरं गोठ्यात घ्या. झाकलेला, आत ठेवलेला चारा द्या, विहिरीवर-टाकीवर झाकण टाका आणि सांगेपर्यंत ताजं दूध लहान मुलांना देऊ नका.

आयोडीनची गोळी फक्त थायरॉइडला वाचवते. बाकी शरीराला ती काही करत नाही. ती ठरलेल्या वेळी, सांगितल्यावरच घ्यायची. आणि मिठाचं म्हणाल, तर मार्च २०११ मध्ये चीनमध्येही लोकांनी मिठासाठी दुकानांवर झुंबड केली होती. मिठातलं आयोडीन इतकं थोडं असतं की गोळीएवढं व्हायला किलोच्या किलो मीठ खावं लागेल. त्याआधी माणूस मिठानेच आजारी पडेल.

आपल्याकडे काय आहे?

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. आपल्या देशात अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचा पट्टा धरतात. केंद्राबाहेरच्या आणीबाणीची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असतात आणि तिची रंगीत तालीमही ठरावीक काळाने घ्यावी लागते. देशभर किरणोत्सर्ग मोजणारी केंद्रंही आहेत. हे सगळं असणं चांगलंच.

पण आपला वारा आपल्याला माहीत आहे. दिवसा खारा वारा समुद्राकडून आत येतो, रात्री उलटा जातो. पावसाळ्यात नैऋत्येकडून येतो आणि सोबत पाऊस आणतो. पाऊस हवेतले कण धुऊन खाली आणतो. म्हणजे जूनमधली योजना आणि डिसेंबरमधली योजना एकच असून चालणार नाही. फुकुशिमाने शिकवलं ते हेच.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत घाबरवणारे मेसेज वाचण्यापेक्षा हे पाच प्रश्न विचारा:

- भोंगा शेवटच्या पाड्यापर्यंत ऐकू येतो का? नसेल तर दवंडी कोण देणार?
- गावातली सगळ्यात जड भिंतींची इमारत कोणती? तिची किल्ली रात्री कुणाकडे असते? तिथे पाणी आणि संडास आहे का?
- कुडाच्या घरांत किती माणसं आहेत, त्यांची यादी आहे का?
- म्हातारी, अपंग, बाळंतीण यांना कोण आणणार?
- समुद्रावर गेलेल्या बोटींना निरोप कसा जाणार?

आणि स्वतःसाठी एवढं लक्षात ठेवा. इशारा आला की आत जा, जमेल तेवढ्या जाड भिंतींच्या आतल्या खोलीत. दारं-खिडक्या बंद करा. बाहेरून आला असाल तर वरचे कपडे दाराशीच काढा, ते पिशवीत बांधून बाजूला ठेवा, अंग आणि केस साबणाने धुवा. झाकलेलं अन्न-पाणीच घ्या. रेडिओवर सूचना ऐका, कारण मोबाईलचं नेटवर्क जाऊ शकतं. सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका आणि निघायला सांगितलं तर सांगितलेल्याच रस्त्याने निघा.

अशी वेळ कुणावर येऊ नये. पण वरचा हिशोब एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "तयारी करून काय उपयोग" म्हणणारा जेवढा चुकीचा, तेवढाच "काही होत नाही" म्हणणाराही. ११७५ आणि २३५ यांच्यामधे फार काही नाही, वेळेवर वाजलेला एक भोंगा आणि शाळेचं उघडं दार आहे. भोंगा सरकारचा, पण दार उघडणारा माणूस गावातलाच लागतो. तो कोण, हे आजच ठरवलेलं बरं.